७० टक्के म्हणजे नेमकं काय? चॉकलेटच्या दुकानात जाण्याआधी

पुण्यात कोरेगाव पार्क, बाणेर, प्रभात रोड अशा भागांत आता फक्त चॉकलेट विकणारी छोटी दुकानं दिसायला लागली आहेत. काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले रंगीत बॉनबॉन (आत सारण भरलेल्या चॉकलेटच्या गोळ्या), मागच्या फळीवर जाड कागदात गुंडाळलेले बार, त्यांच्यावर ५५, ७०, ८५ असे आकडे, आणि किंमत अशी की नेहमीच्या वाण्याकडच्या चॉकलेटची सवय असलेला माणूस ती दोनदा वाचतो. अशा दुकानात शिरणारे बरेच जण कुणाला तरी द्यायला एक बॉक्स घेतात आणि निघतात. चव बघायची राहून जाते, कारण विचारायचं काय, हेच ठाऊक नसतं. मला त्याचं वाईट वाटतं, कारण दुकानदार बहुतेक वेळा तुकडा चाखायला द्यायला तयार असतो आणि चांगलं चॉकलेट ओळखायला तज्ज्ञ असावं लागत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ त्या आकड्याचा होतो. बारवर ७० टक्के लिहिलं असेल तर त्याच्या वजनातला ७० टक्के भाग कोकोच्या बियांपासून आलेला असतो. उरलेली ३० टक्के बहुतेक साखर. मेख अशी आहे की ‘बियांपासून आलेला’ यात दोन निरनिराळे पदार्थ मोजले जातात. बी भाजून, सोलून दळली की तिचा दाट, काळपट लगदा होतो. त्यात निम्म्याच्या आसपास कोको बटर असतं, म्हणजे बीतला मूळचा स्निग्धांश, आणि बाकीचा कोरडा, गडद, कडू भाग. चॉकलेट करणारे त्या लगद्यात बऱ्याचदा वरून आणखी कोको बटर घालतात, आणि तेही टक्केवारीत धरलं जातं. समजा, एकाने ६८ भाग लगदा आणि २ भाग बटर घेतलं, दुसऱ्याने ५५ भाग लगदा आणि १५ भाग बटर. वेष्टनावर दोघंही ७० लिहिणार. पहिला बार चांगलाच कडू लागेल, दुसरा मऊ आणि सौम्य. तेव्हा कुठल्या तरी एका ७० टक्क्यांनी तोंड कडू केलं म्हणून सगळ्या डार्क चॉकलेटवर फुली मारण्यात अर्थ नाही. (पांढऱ्या चॉकलेटमध्ये तो कोरडा भाग अजिबात नसतो. कोको बटर, दूध पावडर आणि साखर, एवढंच. म्हणून ते पांढरं.)

मग चव ठरते कशावर? खरी गोष्ट शेतावर घडते, आणि दुकानातल्या दिव्यांच्या झगमगाटात ती कुणी सांगत नाही.

कोकोचं झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. त्याला ऊब लागते, दमट हवा लागते आणि सावली चालते, म्हणून आपल्या दक्षिणेत ते नारळ-सुपारीच्या बागांमध्ये मधल्या जागेत लावतात. केरळात इडुक्की, तमिळनाडूत पोल्लाचीचा परिसर, आंध्रात गोदावरीचा पट्टा, थोडं कर्नाटकात. फळ थेट खोडाला आणि जाड फांद्यांना धरतं. फोडलं की आत तीस-चाळीस बिया, प्रत्येकीभोवती पांढरा, गोड-आंबट, बुळबुळीत गर. ही ओली बी चावून पाहिली तर चॉकलेटची आठवणसुद्धा होणार नाही. आतून जांभळट, चवीला कडू आणि तोंड आवळून टाकणारी तुरट. ती तशीच वाळवून भाजली तरी चॉकलेटचा वास येत नाही.

तो वास आंबवल्याने येतो. गरासकट बिया लाकडी खोक्यांत भरतात किंवा ढीग करून केळीच्या पानांनी झाकतात. पहिल्या एक-दोन दिवसांत यीस्ट गरातली साखर खाऊन अल्कोहोल करतं आणि गर वितळून खाली गळून जातो. ढीग हलवला, हवा लागली की दुसरे जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक ॲसिड करतात, तेच जे व्हिनेगरमध्ये असतं. या सगळ्या खटाटोपात ढीग आपोआप तापतो, ४५ ते ५० अंशांपर्यंत जातो. उष्णता आणि आम्ल बीच्या आत शिरतं, कोंब मरतो, आतल्या पेशी फुटतात आणि एकमेकांपासून लांब ठेवलेली रसायनं मिसळतात. तुरटपणा कमी होतो, जांभळा रंग तपकिरी होत जातो, प्रथिनांचे तुकडे पडतात. पुढे भाजताना याच तुकड्यांची आणि साखरेची गाठ पडते आणि आपण ज्याला चॉकलेटचा वास म्हणतो तो तयार होतो. पाच-सहा दिवस आंबवणं, मग आठवडाभर उन्हात वाळवणं. इथे घाई झाली, पाऊस आला, ढीग वेळेवर हलवला नाही, तर पुढे कितीही महागडं यंत्र आणा, चव परत येत नाही. बारवर शेताचं किंवा गावाचं नाव छापलेलं असेल तर त्याला अर्थ आहे तो यासाठी. बी कुणी आणि कशी आंबवली, हे निदान कुणाला तरी माहीत आहे, एवढी खात्री त्यातून मिळते.

यानंतरचा दळण्याचा टप्पा आपल्याला जवळचा आहे. भाजलेल्या बिया सोलून साखरेबरोबर इतक्या बारीक दळाव्या लागतात की कण २०-२५ मायक्रॉनच्या आसपास यावेत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून मोठे कण जिभेला रवाळ लागतात. छोट्या प्रमाणावर चॉकलेट करणाऱ्यांपुढे अडचण होती ती यंत्राची, कारण कारखान्यांची यंत्रं अवाढव्य. ती अडचण इडली-डोशाच्या पिठाच्या वेट ग्राइंडरने सोडवली. दगडी पाट्यावर फिरणारे दगडी गोळे, तेच तत्त्व. थोडेफार बदल केलेले असे ग्राइंडर आज अमेरिका-युरोपातले छोटे चॉकलेटवालेही वापरतात. त्यात चॉकलेट दोन-दोन, तीन-तीन दिवस सतत फिरत राहतं. बारीक तर होतंच, शिवाय त्या ऊब-वाऱ्याने आंबूस वासही उडून जातो. या दीर्घकाळ घुसळण्याला काँचिंग म्हणतात आणि त्याचा शोध रुडॉल्फ लिंट या स्विस माणसाने १८७९ मध्ये लावला. त्याआधीचं चॉकलेट खरखरीत असायचं.

आता एक प्रश्न विचारायला लाजू नका: तुम्ही बियांपासून चॉकलेट करता, की तयार चॉकलेट आणून त्यापासून बॉनबॉन करता? हे दोन वेगळे धंदे आहेत. बरीचशी दुकानं दुसऱ्या प्रकारातली असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. ती ‘कूव्हर्चर’ आणतात, म्हणजे भरपूर कोको बटर असलेलं, वितळवून काम करण्याजोगं उत्तम चॉकलेट. खुद्द पुणे जिल्हा या उद्योगाला नवखा नाही. तळेगावजवळ इंदुरीला कॅडबरीचा जुना कारखाना आहे, बारामतीत फेरेरोचा आहे, आणि जगभरच्या बेकरीवाल्यांना चॉकलेट पुरवणाऱ्या बॅरी कॅलबो कंपनीनेही २०२० मध्ये बारामतीतच कारखाना सुरू केला. कूव्हर्चर आणणाऱ्याचं कसब पुढच्या कामात दिसतं.

फरक पडतो तो तिसऱ्याच गोष्टीने. ‘कंपाउंड’ नावाचा एक पदार्थ असतो. त्यात कोको पावडर असते, साखर असते, पण कोको बटरच्या जागी पामच्या बियांचं वगैरे वनस्पती तेल घट्ट करून वापरलेलं असतं. ते स्वस्त पडतं, उन्हात लवकर पघळत नाही, वितळवून साच्यात ओतलं की विनासायास जमतं. केकवरच्या आवरणाला, थंड हवेच्या ठिकाणी किलोवर मिळणाऱ्या ‘होममेड’ चॉकलेटांना बऱ्याचदा हेच वापरतात. कंपाउंड खाल्ल्याने कुणाचं काही बिघडत नाही, पण ते कूव्हर्चरच्या भावाने विकत घेऊ नये, याबद्दल मी आग्रही आहे. ओळखायचं सोपं आहे. वेष्टनामागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. तिथे कोको मास (म्हणजे तोच दळलेल्या बियांचा लगदा), कोको बटर दिसतंय की हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, ते बघा. सुटं चॉकलेट असेल तर विचारा, आणि तरीही शंका राहिली तर तुमची जीभ आहेच. कोको बटर तोंडात पूर्ण विरघळून जातं. कंपाउंड टाळूला मेणासारखा पापुद्रा ठेवून जातं आणि पाणी प्यायलं तरी तो पटकन निघत नाही.

कोको बटरची जादू आहे ती तापमानात. साजूक तूप कढवून ठेवलं की कधी छान रवाळ होतं, कधी गुळगुळीत थिजतं. तूप तेच, पण हळूहळू गार झालं तर त्याचे मोठे कण जमतात, पटकन गार केलं तर एकसंध राहतं. कोको बटरही असंच गार होण्याच्या तऱ्हेवर अवलंबून असतं, फक्त त्याचे नखरे जास्त. त्याचे स्फटिक सहा तऱ्हांनी रचले जाऊ शकतात, आणि प्रत्येक रचना वेगळ्या तापमानाला वितळते. आपल्याला हवी ती पाचवी. ती साधारण ३४ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे हातात थोडा वेळ टिकते आणि ३७ अंशांच्या तोंडात गेली की विरघळते. वितळताना ती जिभेची उष्णता शोषून घेते, म्हणून उत्तम चॉकलेट तोंडात किंचित गार लागतं.

ही पाचवी रचना मुद्दाम जमवावी लागते. त्या कामाला टेम्परिंग म्हणतात, आणि दुकानात काचेपलीकडे ते चालू असेल तर दहा मिनिटं उभं राहून नक्की बघा. कारागीर डार्क चॉकलेट ४५-५० अंशांपर्यंत तापवून जुने सगळे स्फटिक मोडून टाकतो. मग त्यातलं बरंचसं थंडगार संगमरवरावर ओततो आणि रुंद पात्याने पसरवतो, गोळा करतो, परत पसरवतो. २७-२८ अंशांना ते दाटायला लागतं. त्याच क्षणी ते उरलेल्या गरम चॉकलेटमध्ये परत मिसळून ३१-३२ वर आणतो, म्हणजे नको असलेले कच्चे स्फटिक वितळतात आणि हवे ते उरतात. मग सुरीचं टोक त्यात बुडवून बाजूला ठेवतो. काही मिनिटांत त्यावर चकचकीत, कोरडा थर जमला तर काम झालं. पट्टे-पट्टे, मळकट, चिकट राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. पुण्यात मे महिन्यात हे वातानुकूलित खोलीशिवाय होणं अशक्य, आणि ते वीजबिलही तुमच्या बॉनबॉनच्या किमतीत असतं.

जमलेल्या टेम्परिंगच्या खुणा ग्राहकालाही दिसतात. पृष्ठभाग चमकतो, बार मोडताना ‘टक’ असा स्वच्छ आवाज येतो, मोडलेली कड सरळ असते. वाकून तुटणारं, हात लावताच चिकटणारं चॉकलेट एक तर नीट टेम्पर झालेलं नाही किंवा कुठेतरी उन्हात पडून आलं आहे.

चाखायची वेळ शक्यतो जेवणानंतर लगेचची नको, आणि मिसळ खाऊन आल्यावर तर नकोच, कारण तिखटाने बधिर झालेली जीभ बारकावे पकडत नाही. तुकडा आधी हुंगा. मग जिभेवर ठेवा आणि चावायची घाई करू नका. एक प्रयोग जरूर करा: नाक चिमटीत धरून तुकडा तोंडात टाका. गोड, कडू, आंबट यापलीकडे फारसं काही कळणार नाही. वितळायला लागल्यावर नाक सोडा. मागून एकदम वासाचा लोट येतो, कुणाला मनुका आठवतात, कुणाला भाजलेले शेंगदाणे, कुणाला काकवी. चव म्हणून आपण जे म्हणतो त्याचा मोठा हिस्सा घशामागून नाकात जाणारा हा वास असतो.

एका दुकानात माझ्या शेजारी एक काकू आपल्या मुलीबरोबर चाखत होत्या. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, “काकू, चावू नका, नुसतं ठेवा जिभेवर.” त्यांनी ठेवलं, आणि अर्ध्या मिनिटाने त्यांचा चेहरा बदलला.

“अरे, हे आंबट लागतंय. जुनं आहे का?”

“नाही हो काकू, ताजंच आहे. बिया आंबवतात ना, त्याचा आहे तो आंबटपणा. आता हे दुसरं बघा.”

दुसरा तुकडा वेगळ्या भागातल्या बियांचा, टक्केवारी तीच. त्यात आंबटपणा जवळजवळ नव्हता, भाजलेल्या सुक्यामेव्याकडे झुकणारी चव होती. काकूंनी तो संपवला आणि पहिला तुकडा परत मागून घेतला. त्यांना आंबटच आवडला होता.

त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. चॉकलेटमध्ये आंबटपणा, कडूपणा, तुरटपणा हे तिन्ही रस असणारच. फळासारखा, जिभेच्या कडेला जाणवणारा आणि मागे गोडवा सोडणारा आंबटपणा चांगला. मादागास्करच्या बिया तर त्यासाठीच नावाजलेल्या आहेत. नाकात जाणारा व्हिनेगरचा वास मात्र वाळवणं-काँचिंग कमी पडल्याची खूण. धुराचा वास आला तर बिया पावसाळ्यात चुलीच्या किंवा शेकोटीच्या आधाराने वाळवल्या असाव्यात. आणि तोंड सुकवणारी नुसतीच तुरट चव राहिली तर समजावं, आंबवताना घाई झाली. घोट-घोट कोमट पाणी पीत चार तुकडे चाखले तरी पुरे. त्यानंतर जीभ थकते.

बॉनबॉनचं गणित थोडं निराळं. साच्यात टेम्पर केलेलं चॉकलेट भरतात, टेबलावर आपटून बुडबुडे काढतात आणि साचा उलटा करून जास्तीचं ओतून देतात. भिंतींना उरतं ते पातळ कवच. त्यात गनाश भरतात, म्हणजे गरम क्रीम आणि चॉकलेट यांचं एकजीव मिश्रण, आणि ते बसलं की चॉकलेटने तोंड बंद करतात. टेम्परिंग बरोबर असेल तर चॉकलेट थिजताना आकसतं आणि साचा उलटला की बॉनबॉन आपणहून सुटून येतात. वरची रंगीत नक्षी रंगवलेल्या कोको बटरची असते. पोकळ कवचात सारण भरलेली अशी गोळी ब्रुसेल्सच्या जाँ नॉयहाऊस यांनी १९१२ मध्ये आणली, आणि तेव्हापासून प्रत्येक गावाने त्यात आपापलं सारण भरलं आहे. पुण्यात मला पुरंदरच्या अंजिराचं बॉनबॉन सगळ्यात पटलं. अंजिराच्या बिया दाताखाली कुरकुरतात, गनाश मऊ, आणि डार्क कवचाने त्या गोडव्याला आवर घातलेला. गुलकंद, पेरू-तिखट, फिल्टर कॉफी हेही चांगले जमतात. आंबा मात्र अवघड. दुधाळ चॉकलेटमध्ये तो गुदमरतो, आणि आमरसात पाणी इतकं की गनाश पातळ होतो. हापूसचं बॉनबॉन ज्याला साधलं त्याचा हात चांगला, असं मी धरून चालतो.

किमतीबद्दल एक गोष्ट. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन शेजारी देशांत पिकतो. तिथे लहरी पाऊस, झाडांवरचे रोग आणि म्हाताऱ्या झालेल्या बागा एकदम आडव्या आल्या, आणि वर्षानुवर्षं टनाला दोन-तीन हजार डॉलरच्या आसपास रेंगाळणारा भाव डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात १२,००० डॉलरच्या वर गेला. पुढे तो बराच उतरला, पण त्या काळात कित्येकांनी बार छोटे केले, काहींनी कोको बटर कमी केलं. घटकांची यादी वाचायची सवय अशा वेळी उपयोगी पडते. आणखी एक: त्या दोन देशांतले बहुतेक शेतकरी अल्पभूधारक आणि गरीब आहेत, कोकोच्या शेतांवर मुलं राबतात, आणि बारच्या किमतीतला फार थोडा भाग शेतापर्यंत पोचतो. जो दुकानदार थेट शेतकऱ्याकडून बिया घेतो आणि भाव काय दिला ते सांगतो, त्याला दोन पैसे जास्त द्यायला माझी हरकत नसते.

घेतलेलं चॉकलेट घरी नेणं हे उन्हाळ्यात वेगळंच काम. उन्हात उभ्या गाडीत, स्कूटरच्या डिकीत अर्धा तासही नको. घरात तापमान २५ अंशांच्या आत राहत असेल तर बार अंधाऱ्या, कोरड्या कपाटात बरा. एप्रिल-मेमध्ये फ्रिज टळत नाही. मग बार कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा, कारण कोको बटर फोडणीचा, लसणीचा वास पटकन धरतं. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. तो खोलीच्या तापमानाला आला की मगच उघडा, नाहीतर गार चॉकलेटवर दव धरतं, साखर विरघळते आणि वाळल्यावर वर खरखरीत पांढरी पूड दिसते. ऊन लागून पघळलेलं चॉकलेट परत थिजलं तरी वर करडे-पांढरे डाग येतात, ते मात्र वर आलेल्या कोको बटरचे. दोन्ही बुरशी नव्हेत. बोटाने चोळून बघा, तुपकट होऊन विरलं तर कोको बटर, तसंच खरखरीत राहिलं तर साखर. असा बार गरम दुधात वितळवून प्यायला उत्तम लागतो. बॉनबॉनला ही सवलत नाही. आत क्रीम असतं, क्रीममध्ये पाणी असतं, आणि ते आठवडा-दोन आठवड्यांच्या वर टिकत नाहीत, म्हणून बॉक्सवरची तारीख बघून घ्या आणि तिच्या आत संपवा.